पंचनाम्याआधी सुचवलेले नाव

नागपूरहून हैदराबादकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग ४४ वडकीजवळ यवतमाळ जिल्ह्यात शिरतो, करंजी आणि पांढरकवडा गाठतो आणि पाटणबोरी, पिंपळखुटी करत पैनगंगेवरून तेलंगणात उतरतो. श्रीनगर ते कन्याकुमारी असा हा देशातला सर्वांत लांब महामार्ग. त्यावरून रात्रंदिवस धावणारे ट्रक पंजाबचे असतात, राजस्थानचे असतात, तामिळनाडूचे असतात. जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाने नागपूर–तुळजापूर महामार्ग यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा नांदेडकडे जातो. वणीच्या बाजूला कोळशाची वाहतूक असते आणि दिवाळीनंतर जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या सगळ्याच रस्त्यांवर दिसतात. २०२२ या एका वर्षात महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर १५,२२४ माणसांचा जीव गेला.

अपघात का होतात, हा या प्रकरणाचा विषय नाही. अपघात झाल्यानंतरच्या तासाभरात काय घडते, ते इथे पाहायचे आहे. गाडी आडवी झालेली असते. चालकाच्या कपाळातून रक्त येत असते किंवा शेजारी बसलेला नातेवाईक बेशुद्ध असतो. बघ्यांची गर्दी जमते. अशा वेळी अधिकार घेऊन आलेला पहिला माणूस म्हणजे पोलीस ठाण्यातला जमादार किंवा महामार्ग पोलिसांच्या गस्तीच्या गाडीतला शिपाई. तो जखमींना हलवतो, वाहतूक मोकळी करतो, नावे लिहून घेतो. आणि मग कधी कधी एक वाक्य येते : “क्रेन लागेल ना? याला फोन लावा, आपला माणूस आहे.” क्रेननंतर गॅरेज येते. त्यानंतर कुठली खासगी रुग्णवाहिका, कुठला दवाखाना, आणि आठवडाभराने कुठला वकील, हेही त्याच आवाजात सुचवले जाऊ शकते.

हे वाक्य वरवर मदतीचे वाटते, आणि पुष्कळदा ते मदतीच्या भावनेनेच उच्चारलेले असते. तरीही ते उच्चारले जाऊ नये, असे मला ठामपणे वाटते. कारण समजण्यासाठी त्या क्षणी पोलिसाच्या हातात काय काय असते ते पाहावे लागेल. फिर्याद कुणाची घ्यायची, पंचनाम्यात चाकांच्या खुणा कुठून कुठे गेल्याचे लिहायचे, कोणती गाडी चुकीच्या बाजूने आली असे नोंदवायचे, गाडी जप्त करायची की नाही आणि जप्त केल्यावर ती सुटायला किती दिवस लागतील, हे सगळे त्याच्या लेखणीवर अवलंबून असते. विम्याचा दावा पुढे याच कागदांवर उभा राहतो किंवा पडतो. ज्याच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो अशा माणसाला गुन्हा लिहिणाऱ्याने काही सुचवले, तर तो मान डोलावतो. तामिळनाडूचा चालक इथे कुणाला ओळखत नाही, त्याला मराठी येत नाही, मालक फोनवर ओरडत असतो. “नको साहेब, मी माझी क्रेन बोलावतो,” असे म्हणण्याचे धाडस त्याने कुठून आणावे? पोलिसाने सल्ला दिला असे पोलिसाला वाटते. ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र आदेश पडलेला असतो.

या व्यवहाराची सर्वांत तपशीलवार न्यायालयीन नोंद सापडते ती अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराची. तिथे मॅजेस्टिक ऑटो रिपेअर शॉप नावाचे एक गॅरेज दोन भाऊ चालवत होते. २००८ मध्ये गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा त्यांनी एका पोलिसाशी संधान बांधले : अपघातग्रस्त गाडी आमच्याकडे पाठवा, दर गाडीमागे पैसे देऊ. त्याने हे आपल्या सहकाऱ्यांच्या कानावर घातले. पाहता पाहता साठेक पोलीस या साखळीत सामील झाले. एका गाडीचे १५० ते ३०० डॉलर मिळत. २०११ च्या सुरुवातीला स्थिती अशी होती की गॅरेजच्या किमान नव्वद टक्के गाड्या पोलिसांनी पाठवलेल्या होत्या.

खटल्यात बाहेर आलेला एक तपशील मला त्या रकमांपेक्षा जास्त अस्वस्थ करतो. सॅम्युएल ओकासिओ हा पोलीस अपघातस्थळावरूनच गॅरेजमालकाला फोन करी. गाडी कोणत्या कंपनीची, कोणते मॉडेल, नुकसान किती, विमा आहे का, हे सांगे. दुरुस्तीत नफा निघणार असेल तरच तो चालकाकडे वळून गॅरेजचे नाव सुचवी. म्हणजे समोर भांबावलेला माणूस उभा असताना पोलीस त्याच्या जखमेकडे न पाहता त्याच्या गाडीची किंमत करत होता. हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २ मे २०१६ रोजी पाच विरुद्ध तीन मतांनी ओकासिओची शिक्षा कायम झाली. ज्या गॅरेजमालकांनी पैसे दिले त्यांच्याशीच पोलिसाने कट केला असे म्हणता येते का, हा तिथला कायद्याचा कीस होता. न्यायालय म्हणाले, येते.

पैसे घेणे गुन्हा आहे, यात आपल्याकडेही शंका नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा त्यासाठी आहे आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक कोणीही फिरवू शकतो. खरा कठीण प्रश्न पैसे न घेतलेल्या पोलिसाचा आहे. त्याने क्रेनवाल्याकडून एक रुपया घेतलेला नाही. क्रेनवाला त्याच्या गावचा आहे, मागच्या वेळी रात्री तीनला आला होता, भाव वाजवी लावतो. मग नाव सांगितले तर बिघडले कुठे?

बिघडते ते असे. पहिली गोष्ट, त्या नावाला खाकी वर्दीचे वजन मिळते, आणि हे वजन त्या पोलिसाचे स्वतःचे नसते. ते शासनाने सार्वजनिक कामासाठी सोपवलेले असते. ज्या दुसऱ्या क्रेनवाल्याने कर्ज काढून गाडी घेतली आणि करंजीच्या चौकात उभी केली, त्याला काम न मिळण्याचे कारण त्याची सेवा नव्हे, जमादाराशी नसलेली ओळख ठरते. दुसरी गोष्ट, त्या क्रेनवाल्याने अवाच्या सवा बिल लावले किंवा गाडी ओढताना तिचा गिअरबॉक्स मोडला, तर चालक तक्रार करणार कुणाकडे? ज्याने नाव दिले त्याच्याचकडे. तिसरी गोष्ट पुढच्या काळाशी बांधलेली आहे. आज फुकट दिलेल्या नावाची परतफेड उद्या दिवाळीच्या मिठाईने होते, परवा ठाण्याच्या गाडीत डिझेल भरून होते, आणि कोणत्या दिवशी ती लाच झाली हे कुणालाच सांगता येत नाही. बाल्टिमोरची साखळीही एकाच पोलिसापासून सुरू झाली होती.

तरीही पोलिसाने तोंडच उघडू नये, असे मी म्हणणार नाही. पांढरकवड्याच्या पुढे मध्यरात्री, एका बाजूला टिपेश्वरचे जंगल असताना, पोलिसाने “तुमचे तुम्ही पाहा” म्हणून निघून जाणे हे कर्तव्यच्युतीच ठरेल. रस्त्यावर असहाय पडलेल्या माणसाला शक्य ती सर्व मदत करणे आणि अपघात व धोका टाळण्यासाठी झटणे हे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाने प्रत्येक पोलिसाचे कर्तव्यच ठरवले आहे. राज्याच्या महामार्ग पोलिसांनी १ मार्च २०२१ पासून ‘मृत्युंजय दूत’ योजना सुरू केली. ढाब्यावरचे, पेट्रोल पंपावरचे, रस्त्याकडेच्या गावातले लोक यात जोडले गेले आणि जखमींना कसे उचलायचे, कुठे न्यायचे हे त्यांना शिकवले गेले. यात पोलिसाने समाजाची मदत घेतली, कुणाचा धंदा वाढवला नाही. मदत आणि जाहिरात यांच्यातली रेघ इतकी स्पष्ट आखता येते.

क्रेनचेच उदाहरण घ्या. राष्ट्रीय महामार्गावर अडकलेल्या वाहनासाठी १०३३ हा क्रमांक आहे. टोल घेणाऱ्या यंत्रणेने गस्तीचे वाहन, रुग्णवाहिका आणि क्रेन ठेवणे अपेक्षित असते, आणि केळापूरच्या टोलनाक्यावर भरलेल्या पैशात त्या व्यवस्थेचाही वाटा आहे. पोलिसाने सर्वांत आधी हा क्रमांक सांगायला हवा. रस्ता मोकळा करण्यासाठी गाडी कडेला घेणे हे सार्वजनिक काम आहे. ते पोलीस सांगतील तसे, सांगतील तेव्हा व्हायला हवे. पण कडेला घेतलेली गाडी पुढे कोणत्या गॅरेजमध्ये जाणार, हा निर्णय मालकाचा. ही दोन कामे एकाच क्रेनच्या एकाच फेरीत उरकली की मालकाच्या निर्णयाला जागाच राहत नाही.

शिवाय त्यात त्याचा खिसा कापला जातो. मोटार विम्याच्या प्रमाणित पॉलिसीत गाडी जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणी ओढून नेण्याचा खर्च मर्यादेतच मिळतो : खासगी मोटारीला १,५०० रुपये, दुचाकीला ३००, मालवाहू वाहनाला २,५००. जादा हप्ता भरून वेगळे संरक्षण घेतले नसेल तर वरचे सगळे बिल मालकाच्या माथी. विमा कंपनीचे कॅशलेस गॅरेज दुसरीकडे असेल तर गाडी पुन्हा ओढायची, पुन्हा पैसे द्यायचे. ‘आपला माणूस’ किती घेणार हे त्या गोंधळात कुणी विचारत नाही.

जप्त गाडीचेही तसेच आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १३६ सांगते की अपघातातली गाडी तपासणीसाठी हलवली तर कुठे हलवली ते मालकाला कळवायचे, आणि सोपस्कार पूर्ण करून विनाकारण विलंब न लावता चोवीस तासांच्या आत ती परत करायची. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच म्हटले होते की जप्त वाहने पोलीस ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात काही अर्थ नाही, योग्य ते बंधपत्र घेऊन ती सोडावीत. तरीही महाराष्ट्रातल्या कोणत्याही महामार्गावरच्या ठाण्याच्या आवारात पाहा, गवतात रुतलेल्या गाड्या दिसतात. सुपूर्दनाम्यावर गाडी सोडवायला दिवस लागत असतील तर ती लवकर ‘सोडवून देणारा’ मध्यस्थ उगवणारच. विलंब जितका मोठा, तितकी त्या नावाची किंमत जास्त.

सर्वांत हळवा भाग दवाखान्याचा. कायदा सांगतो की जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात न्या, आणि डॉक्टरने कागदोपत्री सोपस्कारांची वाट न पाहता उपचार सुरू करावेत. २०१४ पासून राज्यात १०८ ची रुग्णवाहिका आहे. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची रोकडरहित उपचार योजना लागू झाली. तिच्यात नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार मिळतात. अशा वेळी डोक्याला मार लागलेल्या माणसाला अमुक खासगी दवाखान्यातच न्या, असे कुणी म्हटले तर त्यामागे वैद्यकीय कारण असायलाच हवे. दुसरे कोणतेही कारण असेल तर ते जिवाशी खेळणे होय.

महाराष्ट्राला या रोगाची ओळख जुनी आहे. वैद्यकीय क्षेत्रात त्याला सगळे कट प्रॅक्टिस म्हणतात. विंचूदंशावरच्या संशोधनाने जगभर माहीत झालेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांना २०१३ मध्ये एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी तिथे एमआरआयसाठी रुग्ण पाठवला होता, त्याचा तो वाटा. त्यांनी तो मुकाट्याने खात्यात भरला नाही, महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. २०१७ मध्ये राज्य सरकारने कट प्रॅक्टिस रोखण्यासाठी कायद्याचा मसुदा करायला समिती नेमली, आणि तिचे अध्यक्षपद राज्याचे माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्याकडे दिले. मसुदा तयार झाला, कायदा मात्र झाला नाही. डॉक्टरांच्या वाट्यावर निदान इतकी चर्चा झाली. रस्त्यावर नाव सुचवणाऱ्या वर्दीबद्दल एवढीही झालेली नाही.

इथे बॅरिकेडचाही विचार व्हायला हवा. पोलिसांच्या लोखंडी बॅरिकेडवर सराफाचे, बिल्डरचे, कधी खासगी रुग्णालयाचे नाव ‘सौजन्य’ म्हणून रंगवलेले आपण सगळे पाहतो. निधी अपुरा असतो हे मान्य. पण ज्या रुग्णालयाचे नाव पोलिसांच्या बॅरिकेडवर आहे, त्याच रुग्णालयाविरुद्ध एखाद्या जखमीच्या नातेवाइकाला तक्रार द्यायची झाली तर तो त्या ठाण्याच्या पायऱ्या कोणत्या विश्वासाने चढेल? निदान दवाखाने, गॅरेजे आणि विमा कंपन्या यांची नावे पोलिसांच्या वस्तूंवर नकोतच.

आता वकिलाचे नाव. यात काय होऊ शकते हे उत्तर प्रदेशात दिसले. मोटार अपघाताच्या बनावट दाव्यांबाबत अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या आदेशाने विशेष तपास पथक नेमले गेले. २०२१ मध्ये हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले तेव्हा पथकाकडे विमा कंपन्यांकडून १,३७६ संशयास्पद दावे आलेले होते. त्यांपैकी २४६ ची चौकशी झाली होती आणि १६६ जण प्रथमदर्शनी दोषी आढळले होते. त्यांत अर्जदार आणि वकील होते, तसेच पोलीस आणि डॉक्टरही होते. ठाणे, दवाखाना आणि वकिलाचे टेबल यांच्यात नावांची देवघेव सुरू झाली की पुढे अपघातच बनवले जाऊ लागतात. त्याची झळ खऱ्या जखमींना बसते, कारण त्यानंतर त्यांच्या दाव्याकडेही संशयाने पाहिले जाते.

या ठिकाणी कायद्याने केलेली एक तरतूद प्रत्येक घरात माहीत असायला हवी. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे ठेवायचा आहे. न्यायाधिकरणाने पोलिसांचा हा अहवालच भरपाईचा अर्ज मानायचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे नियम राबवण्याचे तपशीलवार आदेश दिले. म्हणजे दावा सुरू व्हायला अपघातस्थळी कुणाचे कार्ड खिशात घालण्याची गरजच नाही. आणि याच नियमांत प्रपत्र दोन आहे : अपघातग्रस्ताचे हक्क आणि पुढची प्रक्रिया सांगणारा कागद. तो तपास अधिकाऱ्याने अपघातापासून दहा दिवसांत पीडिताला द्यायचा आहे. पोलिसाने जखमीच्या हातात कोणता कागद ठेवायचा, हे असे कायद्यानेच ठरवून दिले आहे.

वकील लागलाच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो. केळापूर, झरी जामणी, मारेगाव भागातल्या कोलाम, गोंड कुटुंबातला कर्ता माणूस रस्त्यावर गेला, तर त्याच्या बायकोला ही माहिती ठाण्यातून मिळायला हवी. ठोकर मारून पळालेल्या गाडीचा पत्ता लागला नाही तरी मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात, आणि अर्ज महसूल खात्याच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. या दोन लाखांतला वाटा घेणारा दलाल तिच्या दारात पोलिसापेक्षा आधी पोचतो, तेव्हा त्याला त्या घराचा पत्ता दिला कुणी, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात अपघात अहवालातली वैयक्तिक माहिती साठ दिवस गोपनीय ठेवतात ती याचसाठी. इंग्लंडमध्ये अपघातग्रस्तांची नावे वकिलांना विकण्याच्या धंद्यावर २०११ मध्ये माजी गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी जाहीर टीका केली आणि १ एप्रिल २०१३ पासून दुखापतीच्या दाव्यांत असा मोबदला देण्याघेण्यावर कायद्याने बंदी आली.

आपल्याकडे ठाण्याच्या पातळीवर करता येण्याजोगे फार अवघड नाही. हद्दीतल्या ज्या क्रेनवाल्यांनी नोंदणी केली त्या सगळ्यांची दरासहित यादी ठाण्याच्या फलकावर मराठी, हिंदी आणि तेलुगूत लावावी. चालकाला पसंती नसेल तर पाळीप्रमाणे क्रमांक द्यावा आणि कोणाला बोलावले याची नोंद स्टेशन डायरीत करावी. पोलिसाने स्वतःहून एकच नाव कधीही घेऊ नये, चांगल्या माणसाचेही नाही. आणि गाडी चोवीस तासांत सोडावी. त्याने मध्यस्थाची निम्मी कमाई आपोआप बंद होते. जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या एका परिपत्रकाने हे सुरू होऊ शकते.

वाचकांनी तेवढ्यासाठी थांबण्याचे कारण नाही. गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात ११२, १०८, १०३३ हे क्रमांक आणि आपल्या विमा कंपनीचा मदत क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. गाडी ओढण्यापूर्वी दर विचारा, कुठे नेणार ते विचारा, पावती घ्या. गावात कुणाचा अपघात झाला तर त्या घरी जाऊन एवढे नक्की सांगा : एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, आणि प्रपत्र दोन दहा दिवसांच्या आत घरी आले नाही तर तपास अधिकाऱ्याकडे ते लेखी मागता येते.